चोपन्न ठोके

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लखनौच्या अमौसी विमानतळावर, बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर, लोखंडी कठडा धरून उभी होते. दुपारचे अडीच वाजले असतील. दादाचा मुलगा अभिजित बंगळुरूहून चार दिवसांसाठी येत होता, आणि त्याला घ्यायला मी जावं हा दादाचाच हट्ट. चाळिशी ओलांडलेल्या बाप्याला घ्यायला आत्या कशाला लागते, तो काय हरवणार आहे, असं मी म्हणाले, तर म्हणाला, "जाय ना बापा, त्याला बरं वाटते." खरं तर तोही येणार होता. पण जेवण झाल्यावर म्हणाला, मी जरा पडतो... आणि पडला. फोन आमच्या समोरच्या घरातल्या भाभींचा होता. "बुआजी, भाई साहब उठ नहीं रहे हैं. आप जल्दी आ जाइए." मी सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पलीकडचा माणूस किती सांगतो आहे आणि किती गिळतो आहे, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. मी विचारलं, "साँस?" तर त्या रडायला लागल्या.

तेवढ्यात अभिजित दारातून बाहेर आला. ट्रॉली ढकलत, हसत. "अरे बुआ! पापा नहीं आए?" हा मुलगा लखनौत वाढला. मराठी सगळं समजतं, पण बोलतो हिंदीच, आणि मला आत्या न म्हणता बुआ म्हणतो. मी त्याच्याशी कायम हिंदीतच बोलत आले. पण तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते असं : "दादा गेला रे." त्याला कळलं. तो ट्रॉलीवर हात ठेवून तसाच उभा राहिला, आणि एक टॅक्सीवाला आमच्या दोघांच्या मध्ये येऊन विचारत होता, "अलीगंज? महानगर? किधर जाइएगा भैया?"

त्याला आता आठ आठवडे झाले. दादा म्हणजे सुधाकर तायडे, मूळचा अकोला जिल्ह्यातला, रेल्वेच्या डिझाइन ऑफिसात ब्रेकच्या विभागात आयुष्य घालवलेला इंजिनिअर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. माझा नवरा गेला तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागेवर मला टेलिफोन खात्यात नोकरी मिळाली आणि दादा-वहिनींनी खटपट करून माझी बदली लखनौला करून घेतली. वहिनी म्हणाली होती, "तिकडे एकटी राहून काय करणार? इथे भांडायला तरी कोणी मिळेल." ती भांडणं वहिनीबरोबर पंचवीस वर्षं छान चालली, मग ती गेली, आणि अलीगंजच्या त्या घरात मी आणि दादा असे दोघंच उरलो. दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. दार लावलं की मराठी. भाजीला बाहेर सब्जी म्हणायचं, घरात आलं की तीच भाजी. माझं मराठी बोलणं सगळं त्या एका माणसाशी होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याच्या आधी जायचं होतं. मागे राहायची माझ्यात हिंमतच नव्हती. तो जगला पाहिजे हे मला त्याच्यासाठी जेवढं वाटायचं त्याहून जास्त माझ्यासाठी वाटायचं. पुढे मी जे केलं ते ह्या भीतीपोटी केलं, म्हणून हे आधी सांगून टाकते.

नऊ वर्षांपूर्वीच्या थंडीत सुरुवात झाली. आम्ही रोज संध्याकाळी दिवा लावून वंदना म्हणतो. दादाचा आवाज मोठा, खणखणीत, आणि एका दमात लांबपर्यंत जायचा. त्या हिवाळ्यात तो मधेच थांबायला लागला. मला वाटलं, विसरतो आहे. मी चिडवलंसुद्धा की म्हातारा झालास. मग त्याला एक उशी पुरेना, दोन लागायला लागल्या, आणि एक दिवस त्याचे ऑफिसातले जुने बूट पायात जाईनात. पाय सुजले होते. तरी गृहस्थ म्हणतो कसा, "बूटच आकसले असतील थंडीनं." इंजिनिअर म्हणे! कप्पाळ माझं.

शेजारच्या महानगर मोहल्ल्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पस्तिशीच्या असतील, बारीक चणीच्या, बोलायला गोड पण डोळे कडक. त्यांनी पडद्यावर दादाचं हृदय दाखवलं. मोठं झालं होतं, फुगलं होतं, आणि रक्त दाबून पुढे ढकलायचं काम कसंबसं करत होतं. आधी त्यांनी अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या दिल्या, मीठ जवळजवळ बंद केलं. दादाचा ठेचा बंद झाला त्या दिवशी तो पुन्हा एकदा बायको गेल्यासारखा बसला होता. सूज उतरली, दम कमी झाला, आणि मग त्यांनी एक पांढरी गोळी लिहून दिली. मसुराच्या डाळीएवढी, तीही अर्धीच घ्यायची. ही दिल की रफ़्तार धीमी करेगी, असं त्या म्हणाल्या आणि दादाचे कान टवकारले.

"मैडम," तो म्हणाला, "चढ़ाई पर इंजन का दम फूल रहा हो, तो हम ब्रेक नहीं लगाते."

मला वाटलं, आता बाई रागावतात. पण त्या खुशीत आल्या. म्हणाल्या, "साहब, हमारे बड़े डॉक्टर लोग भी बरसों यही कहते थे. कमज़ोर दिल में ये दवा देना मना था." मग त्यांनी आम्हाला समजावलं, आणि मी एक्स्चेंजवाली आहे म्हटल्यावर माझ्यासाठी फोनवर आणून समजावलं. हृदय थकलं, रक्त कमी पडायला लागलं, की शरीर घाबरतं. घाबरलं की रक्तात ॲड्रिनलिन सोडतं, म्हणजे हृदयाला फोनवर फोन : पळ, जोरात पळ, अजून जोरात. काही दिवस हृदय पळतं, आणि माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. पण ते फोन थांबतच नाहीत, महिनोन् महिने, रात्रंदिवस. त्या माऱ्यानंच हृदयाचा स्नायू झिजत जातो, मरत जातो, पसरत जातो, ठोके वेडेवाकडे पडायला लागतात. ही गोळी ब्रेक लावत नाही, ती रिसीव्हर काढून ठेवते. फोन येत राहतात, पण हृदयापर्यंत पोचत नाहीत. मग ते सावकाश भरतं, सावकाश रिकामं होतं, स्वतःची डागडुजी करतं. सहा-आठ महिन्यांत पुष्कळांचं हृदय आकारानं पुन्हा आवरतंसुद्धा.

मग बाई गंभीर झाल्या. आधी बरं नाही वाटणार, त्या म्हणाल्या, आधी वाईट वाटेल. ज्या हाकांवर शरीर आजवर ओढत आलं त्या एकदम मंद होणार, थकवा येणार, माणूस गळून जाणार. म्हणून अर्धी गोळी, दोन आठवड्यांनी एक, मग हळूहळू वाढवायची. आणि एकदम बंद करायची नाही, काही झालं तरी नाही. इतके दिवस शांततेत राहिलेल्या हृदयाचे कान जास्तच तिखट झालेले असतात, रिसीव्हर पुन्हा जागेवर ठेवला की सगळे फोन एकदम आदळतात. "रोज़ सुबह नब्ज़ गिनिए. पचास से नीचे जाए, या चक्कर आए, तो मुझे फ़ोन कीजिए. अपने मन से कुछ नहीं करना है, आंटी." आंटी मलाच म्हणाल्या होत्या. दादा घरी येताना रिक्षात म्हणाला, "बाई हुशार आहे. समजलं मले." त्याला समजलं होतं. मलाही समजलं होतं, हो. समजण्याचा आणि माझा त्या महिन्यात काही संबंध राहिला नाही, ही गोष्ट वेगळी.

मग रोज सकाळी चहाच्या आधी नाडी मोजायची पद्धत पडली. तो गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा, मी समोर वेताच्या बुटक्या मोड्यावर. मी उजव्या हातात घड्याळ धरायची, डाव्या हाताची तीन बोटं त्याच्या मनगटावर. पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायला दादाची सक्त मनाई, "तसं रीडिंग घेत नाहीत." त्या मिनिटात कोणी बोलायचं नाही. तो समोरच्यांच्या पेरूच्या झाडाकडे बघत बसायचा. लहानपणी शाळेत जाताना नाला ओलांडायला तो माझा हात धरायचा, त्यानंतर इतक्या वर्षांनी मी त्याचा हात असा धरत होते. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. सत्तर. वहीत मी आकडा लिहायची आणि तो वाचून सही केल्यासारखी मान हलवायचा. मला ते मिनिट आवडायला लागलं होतं.

गोळ्यांची डबी भरायचं कामही माझंच. सात घरांची प्लास्टिकची डबी, अभिजितनं पाठवलेली. रविवारी संध्याकाळी बसून मी पूर्ण आठवड्याच्या गोळ्या घालायची. सकाळच्या चार, त्यातली एक ती पांढरी.

अर्धीची एक झाली तेव्हापासून दादा उतरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच अगदी, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. जवळच्या कपूरथला चौकातल्या बाजारापर्यंत गप्पा मारत जाणारा माणूस फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. पेपर उघडून त्याच्यावरच पेंगायचा. आधी तो पेपर वाचताना प्रत्येक मंत्र्याला शिव्या घालायचा आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची की हळू, बाहेर ऐकू जातं. आता शिव्या नाहीत, काही नाही. संध्याकाळी वंदनेला बसायचा पण म्हणायची मी एकटीच. मी काही विचारलं तर हं. जेवतोस? हं. भाकरी देऊ? हं. घरात दोन माणसं आणि बोलणारी एक. मला भिंती खायला उठल्या.

आणि एका रविवारी सकाळी नाडी चोपन्न भरली. मी पुन्हा मोजली. चोपन्न. पन्नासच्या वर होती, चक्कर नव्हती, काही नव्हतं. पण माझ्या बोटांना ते ठोके इतके लांब लांब पडल्यासारखे वाटले, की दोन ठोक्यांच्या मध्ये मी वाट बघत राहिले. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गावात डॉक्टर नव्हता. नाडी बघणारे एक म्हातारे आजोबा होते, ते दुपारभर आईचं मनगट धरून बसले होते. मग त्यांनी हात खाली ठेवला आणि म्हणाले, "नाडी उतरली, पोरांना बाहेर न्या." दादानं मला बाहेर नेलं होतं. तेव्हापासून उतरलेली नाडी म्हणजे काय हे मला कोणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती. डॉक्टरीणबाई काय सांगत होत्या, टेलिफोन काय, रिसीव्हर काय... सगळं पुसलं गेलं. मला एवढंच दिसत होतं की ही गोळी माझ्या भावाची नाडी उतरवते आहे.

त्या संध्याकाळी डबी भरताना मी सातही घरांतून पांढरी गोळी वगळली. दादाला सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारलं नाही. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून देणारी बाई मी, नंबर समोर कॅलेंडरवर लिहिलेला होता, आणि तेवढा एक फोन मी लावला नाही. का लावला नाही ते मला माहीत आहे. त्या नको म्हणाल्या असत्या.

दुर्दैव असं की दादाला बरं वाटायला लागलं. दोनच दिवसांत चेहऱ्यावर तरतरी. मंगळवारी पेपर वाचताना त्यानं एकाला अशी शिवी हासडली की मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आले आणि हसत सुटले. बुधवारी म्हणाला, "चाल, पार्कात जाऊन येऊ." नाडी बासष्ट, मग सत्तर, मग अठ्ठ्याहत्तर. प्रत्येक आकडा वहीत लिहिताना मी मनात म्हणायची, बघा, बघा! गुरुवारी त्याच्यासाठी बिनमिठाचा का होईना ठेचा केला. तो म्हणाला, "इंदू, हे गवत आहे," आणि सगळा खाल्ला. ते पाच दिवस मी इतकी खूश होते की त्याची आजही लाज वाटते.

शनिवारी सकाळी तो खुर्चीत बसला तो पुढे वाकून. ओठ निळसर. श्वास तोंडानं. नाडी मोजायला गेले तर मोजता येईना, इतकी धावत होती, मधेच अडखळत होती. घड्याळाकडे बघायचं मी विसरले. समोरच्या भाभींच्या मुलानं गाडी काढली.

दुपारपर्यंत ऑक्सिजन, सुया, नळ्या. थोडा स्थिर झाल्यावर डॉक्टरीणबाई पलंगापाशी आल्या, हातात आमची फाइल. त्या गोंधळलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, ही गोळी चालू असताना असं झालं असेल तर ती ह्यांना सोसत नाही असं समजावं लागेल, ती कायमची बंद करावी लागेल, आणि मग आपल्याकडे देण्यासारखं फार काही उरत नाही. मग त्यांनी सरळ विचारलं, "दवा बराबर चल रही थी न? छोड़ी तो नहीं?"

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. तोंड उघडलं, पण आवाज नाही आला. मी, जिच्या बोलण्याला अख्खा मोहल्ला कंटाळलाय ती मी! दादानं मास्क बाजूला सारला. माझ्याकडे बघितलं नाही. बाईंकडे बघून म्हणाला, "छोड़ दी थी मैडम. हमने ही छोड़ी. थकान बहुत होती थी."

तेव्हा मला कळलं की त्याला माहीत होतं. चारच्या जागी तीन गोळ्या पहिल्याच सोमवारी त्याच्या हातात पडल्या असणार, आणि आयुष्यभर नटबोल्ट मोजलेल्या माणसाला ते दिसलं नसेल? दिसलं होतं. तो का बोलला नाही हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारते आहे. कदाचित त्यालाही त्या थकव्यातून सुटका हवी होती. कदाचित त्याला माझा चेहरा दिसत होता. बाईंनी त्याला त्या खाटेवर जे झापलं ते मी कधी विसरणार नाही. इतका शिकलेला माणूस, इतका समजावलेला, आणि असा निष्काळजीपणा? दादाच्या ऑफिसात निष्काळजी ह्याच्याएवढी मोठी शिवी नव्हती. ब्रेकच्या माणसाला ती कोणी द्यायची नसते. तो डोळे मिटून ऐकत राहिला. बाईंनी फाइलमध्ये इंग्रजीत एक ओळ लिहिली. रुग्णानं स्वतः औषध बंद केलं. आणि मी तिथे उभी राहून ती ओळ लिहू दिली.

पाच दिवसांनी घरी आलो. गोळी पुन्हा अर्ध्यापासून सुरू झाली. पुन्हा तीच ग्लानी, तेच हं, तेच पेंगणं, आणि ह्या वेळी मी दात आवळून बघत राहिले. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी वंदनेला त्याचा आवाज माझ्या आवाजात येऊन मिळाला. बारीक होता, पण होता. पाचव्या महिन्यात तो कपूरथल्यापर्यंत जाऊन भोपळा घेऊन आला, न विचारता, आणि आम्ही त्या भोपळ्यावरून भांडलो. वर्ष व्हायच्या आत पडद्यावरचं हृदय खरंच आवरलेलं दिसलं, दाबायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई आम्हाला जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून दाखवत राहिल्या. दादा म्हणाला, "मैडम, हम ग़लत थे. ये ब्रेक नहीं है." मग नऊ वर्षं. अभिजितचं लग्न झालं, नात झाली, दादा दोनदा बंगळुरूला जाऊन आला. नाडी अठ्ठावन्न, साठ, छप्पन्न. चोपन्नसुद्धा किती वेळा भरली आणि मी शांतपणे लिहिली.

पण दर तीन महिन्यांनी तपासणीला गेलो की बाई फाइल चाळायच्या आणि हसून विचारायच्या, "साहब, दवा छोड़ी तो नहीं?" आणि दादा हसून म्हणायचा, "नहीं मैडम, वो ग़लती एक ही बार की थी." मी शेजारी बसलेली असायची, मांडीवर पिशवी घेऊन. दर तीन महिन्यांनी. एकदा त्यानं दार उघडून दिलं होतं. थंडीचे दिवस होते, आम्ही गॅलरीत उन्हाला बसून मटार सोलत होतो. तो एकदम म्हणाला, "इंदू, तेव्हा तू लय घाबरली होती ना?" मी म्हणाले, "मेले किडके निघाले मटार, भाजीवाल्या भय्याला दाखवतेच," आणि सालांची परात उचलून आत निघून आले. आतून ऐकत उभी राहिले. बाहेर तो एकेक शेंग सोलत राहिला.

तो गेल्यावर आम्ही सगळं रीतसर केलं. अभिजित पंधरा दिवस राहिला. जाताना म्हणाला, "बुआ, मेरे साथ चलो. यहाँ अकेली क्या करोगी?" मी नाही म्हटलं. तिथे मी त्याच्या हिंदीच्या आणि नातीच्या इंग्रजीच्या मध्ये काय करू? आणि इथे तरी काय करते म्हणा. सकाळी उठते, चहा ठेवते, दुधाला म्हणते, "उतू जाऊ नको बापा." आठ आठवड्यांत मी मराठीत कुणाशी बोलले असेन तर दुधाशी. गॅलरीत जायचं टाळते. नाडीची वेळ झाली की बोटं आपसूक घड्याळाकडे जातात, मग मी काहीतरी निवडायला घेते.

गेल्या मंगळवारी मी महानगरात दवाखान्यात गेले. दादाच्या न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून, आणि ती फाइल. डॉक्टरीणबाईंनी उठून माझे दोन्ही हात धरले. आता त्यांच्याही केसांत पांढरं दिसतं. समोर एक नवरा-बायको बसले होते. नवरा मान खाली घालून, थकलेला. बाई साठीच्या आसपास, तावातावात. "मैडम, ये दवा तो इनको मार रही है. अच्छे-भले बोलते थे, अब दिन भर सोते हैं. मुझसे तो बात भी नहीं करते." डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आंटी, आप बताइए इन्हें. आपके भाई साहब कितने साल चले इसी दवा पर."

मी सांगायला तोंड उघडलं ते नऊ वर्षांचं सांगायला. नात, बंगळुरू, भोपळा. आणि निघालं ते दुसरंच. "मैंने निकाल दी थी," मी म्हणाले. "छह दिन. उनको बिना बताए. नब्ज़ चौवन थी, मैं डर गई थी. वो मरते-मरते बचे."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फाइलकडे. त्या बाई आपला सगळा ताव विसरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "उनको पता चला?"

"पता था."

"तो कुछ बोले नहीं? ग़ुस्सा नहीं हुए?"

मग मी त्यांना सांगितलं. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी मी डबी अभिजितकडे द्यायला काढून ठेवली होती. तो तेव्हा धावत आला होता. माझ्याच्यानं आता हे काम होणार नाही, नर्स ठेव, कोणीही ठेव, असं मी त्याला सांगत होते. दादा भिंत धरत धरत माझ्या खोलीत आला. त्यानं ती डबी घेतली, गोळ्यांची पिशवी घेतली, दोन्ही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "भर." एवढंच. मग तिथेच माझ्या पलंगावर आडवा झाला, माझ्याकडे पाठ करून. मी कशा भरल्या ते बघायलासुद्धा वळला नाही. नऊ वर्षं त्या डबीत मी काय घातलं हे त्यानं कधी मोजलं नाही. हाताला लागेल ते तोंडात टाकून वर पाणी पिऊन मोकळा.

त्या बाई रडायला लागल्या. मी फाइल उघडून ती ओळ काढली आणि डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. म्हटलं, हे चुकीचं लिहिलंय, दुरुस्त करा. त्या म्हणाल्या, "आंटी, अब इससे क्या फ़र्क़..." मी म्हणाले, "मेरे भाई ने एक दिन भी दवा नहीं छोड़ी. लिखिए." त्यांनी जुनी ओळ खोडली, वर नवीन लिहिली, तारीख घालून सही केली.

बाहेर आले. ई-रिक्षा मिळाली नाही म्हणून कपूरथल्यापर्यंत चालत गेले. वाटेत लक्षात आलं की इतक्या वर्षांनी बोलले ती हिंदीत बोलले, दोन परक्या बायकांपुढे. ज्याच्याशी बोलायचं होतं त्याला सगळं आधीच माहीत होतं, हे खरं. पण म्हणून माझं सांगणं फिटत नाही. त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, त्यानं एकदा विचारलंही होतं, आणि मी सालांची परात घेऊन उठले. आता घरात मराठीत सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहिते. दादा, ती गोळी मी काढली होती रे.